पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे

मैत्रिणींनो, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाण्याची एक ठरलेली पद्धत आहे. हातात शहाळं नाहीतर बिस्किटांचा पुडा, चेहरा उतरलेला आणि निघताना एकच वाक्य, ‘काही करू नका बरं, नुस्ता आराम करा.’ ताप असो, ऑपरेशन असो की बाळंतपण, सल्ला हाच. आणि आजार रक्ताच्या कॅन्सरचा असेल तर मग विचारायलाच नको. पाणी जागेवर, ताट जागेवर, टीव्हीचा रिमोटसुद्धा जागेवर. घरातली माणसं त्या माणसाला लोणच्याच्या बरणीसारखं जपायला लागतात. हात लावू नका, हलवू नका!

हे सगळं मायेपोटीच होतं, त्याबद्दल शंका नाही. पण ह्याच मायेने माणूस आणखी खंगतो, असं मी म्हटलं तर राग मानू नका. महिला मंडळ आणि बचत गटांच्या कामाच्या निमित्ताने बुलढाणा, चिखली, मोताळा ह्या भागातल्या बऱ्याच घरांत माझं जाणं-येणं असतं. त्यातल्या काही घरांत रक्ताच्या कॅन्सरचे रुग्ण आहेत. मी काही डॉक्टर नाही, साधी बी.ए. झालेली गृहिणी आहे. पण ह्या घरांमध्ये जे दिसलं, आणि त्यावर जाणकारांनी जे सांगितलं-लिहिलं, ते आपल्या बायांपर्यंत पोचलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आधी हा आजार थोडा समजून घेऊ. रक्ताचा कॅन्सर म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांपुढे सिनेमे येतात. ‘आनंद’ (१९७१) काय किंवा ‘अंखियों के झरोखों से’ (१९७८) काय, शेवट ठरलेला. डोळ्याला पदर लावून घरी यायचं. आपल्या मनात हा आजार तिथेच थांबला. औषधं मात्र कुठल्या कुठे पुढे गेली. मुळात हा एकच आजार नाही. ल्युकेमिया, लिम्फोमा आणि मायलोमा ही त्याची तीन मोठी घराणी. ल्युकेमियात रक्तातल्या पेशी बिघडतात, लिम्फोमात लसिका ग्रंथींमध्ये गाठी येतात, तर मायलोमा हाडांच्या आतल्या मगजात सुरू होतो आणि हाडं पोखरतो. प्रत्येकाचा वेग वेगळा, उपचार वेगळे.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा रोपण केलं, ते नऊ वर्षांच्या एका मुलीवर. स्वतः डॉ. अडवाणींना लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे त्यांचं सगळं काम चाकाच्या खुर्चीवरून चाललं. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुढे एका प्रकारच्या ल्युकेमियावर इमॅटिनिब नावाची गोळी आली. तिच्या पेटंटचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी कंपनीच्या विरोधात निकाल लागला आणि आपल्याकडे बनणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. ह्या गोळीवर आज कितीतरी माणसं बीपी-शुगरच्या रुग्णासारखी वर्षानुवर्षं नोकरी-संसार करताहेत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेली पेशींची नवी उपचारपद्धती, नेक्सकार-१९, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झाली.

सांगायचा मुद्दा हा, की रक्ताच्या कॅन्सरची बरीच माणसं आता घरी परत येतात. काही पूर्ण बरी होऊन येतात, काही आजार सोबत घेऊन बरीच वर्षं जगतात. मग प्रश्न असा उभा राहतो, की परत आल्यावर जगायचं कसं? खाटेवर की पायावर?

उपचार चालू असताना शरीराचं काय होतं ते बघा. ह्या आजारांत बऱ्याचदा स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. त्या लागतातच, त्यावाचून भागत नाही. पण जास्त दिवस घेतल्या की त्यांनी मांड्यांचे आणि कंबरेभोवतीचे स्नायू झिजतात. चेहरा गोल आणि भरलेला दिसतो, पाहुणे म्हणतात ‘तब्येत सुधारली की वो!’ आणि इकडे ती बाई खाली बसली की हाताचा आधार घेतल्याशिवाय उठू शकत नाही. आपल्या घरांतले संडास बहुतेक उकिडवं बसण्याचे. तिथे बसणं-उठणं जमेना झालं की माणसाला कशी लाज वाटते, ते मी वेगळं सांगायला नको. कितीतरी जण मग पाणी आणि जेवणच कमी करतात, म्हणजे जायलाच नको!

दुसरं म्हणजे नसा. विनक्रिस्टिन, बोर्टेझोमिब अशा काही औषधांनी हातापायांच्या नसा दुखावतात. तळपायाला मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते. कधी कधी पाऊल नीट उचललं जात नाही, चालता चालता पायातली चप्पल निसटते आणि घरच्यांना वाटतं, लक्ष नाही. उंबरठ्याला अडखळून पडण्याची भीती असते ती ह्यामुळेच.

आणि तिसरा तो थकवा. हा तुमच्या-माझ्यासारखा दिवसभर राबल्याचा थकवा नव्हे. आपण रात्रभर झोपलो की सकाळी ताजेतवाने. हा थकवा झोपून जात नाही. उलट जितकं पडून राहावं तितका वाढतो. पडून राहिलं की स्नायू कमी होतात, स्नायू कमी झाले की चार पावलांनीही दम लागतो, दम लागला की पुन्हा पडावंसं वाटतं. रहाटगाडगंच म्हणा ना. ते कुठेतरी थांबवायचं तर हळूहळू, मोजून-मापून, डॉक्टरांना विचारून हालचाल सुरू करावी लागते. ह्यालाच व्यायामातून पुनर्वसन म्हणतात. पुनर्वसन हा शब्द आपल्याला धरणग्रस्तांमुळे माहीत आहे. शरीराचंही तसंच असतं. आजाराने उठवलेल्या माणसाला पुन्हा त्याच्या जागी नेऊन बसवायचं.

आता हे सगळं कोणी म्हणतं म्हणून ऐकायचं का? नाही. १९९७ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जबर केमो देऊन रुग्णाच्याच मूळ पेशी त्याला परत दिलेल्या सत्तर जणांचा तो अभ्यास होता. त्यात लिम्फोमाचेही रुग्ण होते. अशा वेळी माणूस इतका गळालेला असतो की त्याला कोणी हलवायला धजत नाही. ह्या डॉक्टरांनी काय केलं? निम्म्या-अधिक लोकांना नेहमीसारखं ठेवलं आणि बाकीच्यांना पलंगावर झोपूनच पायाने पेडल मारायला लावले. एक मिनिट पेडल, एक मिनिट थांबायचं, असं पंधरा वेळा. दिवसाचा अर्धा तास. पेडल मारणाऱ्यांची ताकद बाकीच्यांपेक्षा कमी घटली आणि त्यांना दवाखान्यात दिवसही कमी काढावे लागले.

त्यानंतर जगभरात असे बरेच अभ्यास झाले. कोक्रेन नावाची संस्था असे अभ्यास एकत्र करून त्यांचा निचोड काढते. रक्ताच्या कॅन्सरच्या मोठ्या माणसांवरचे अठरा अभ्यास आणि त्यातले सुमारे १,९०० रुग्ण, असा आढावा त्यांनी २०१९ मध्ये घेतला. चालण्यासारख्या व्यायामाने थकवा आणि मनाची उदासी कमी व्हायला मदत होते असं त्यातून दिसलं. पण व्यायामाने आयुष्य वाढतं असं काही त्यातून सिद्ध झालं नाही, तेही इथे स्वच्छ सांगते. व्यायामाने रक्ताचा कॅन्सर बरा होत नाही. ते काम केमोचं, गोळ्यांचं, रोपणाचं. कोणी गावात येऊन ‘केमो सोडा, हा योग करा, हा काढा घ्या’ म्हणाला तर त्याला दारातूनच वाटी लावा. व्यायाम औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला आहे. औषधाने जीव वाचतो, आणि त्या वाचलेल्या जिवाला स्वतःच्या हाताने आंघोळ करता यावी म्हणून व्यायाम.

आता मी मुख्य मुद्द्यावर येते. आपल्या घरांत ह्या आजाराची दोन टोकं दिसतात. घरातला पुरुष आजारी पडला की तो खाटेवर जातो आणि तिथेच राहतो. बायको पाय चेपते, आई भरवते. सहा महिन्यांनी केमो संपते, रिपोर्ट चांगले येतात आणि भाऊ मात्र अंगणापर्यंतसुद्धा काठी घेऊन जातात. घरातली बाई आजारी पडली की पहिले पंधरा दिवस तीही खाटेवर. मग सासूबाईंचे गुडघे दुखतात, पोरांचे डबे असतात, सोयाबीनची सोंगणी येते, आणि ती हळूच चुलीपुढे जाऊन बसते. कोणी काही म्हणत नाही. उलट कौतुकच, ‘बघा, कशी हिमतीची हाय!’ आणि तिला चालायला जायला सांगा, लगेच उत्तर येतं, ‘घरचं एवढं काम करते, अजून येगळा व्यायाम कायले पाह्यजे वो ताई?’

मैत्रिणींनो, घरकाम हा व्यायाम नव्हे. निदान ह्या आजारातला तरी नव्हे. पटत नसेल तर बघा. व्यायाम मोजका असतो, दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. दम लागला की थांबता येतं. स्वयंपाकात अर्ध्या पोळ्या लाटून कोण थांबतं? व्यायाम आज पाच मिनिटं, पुढच्या आठवड्यात सात असा वाढवत नेतात. घरकाम पहिल्याच दिवशी पूर्ण असतं. शिवाय आपल्या कामांत धोके आहेत. केमोने पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, म्हणजे जंतूंशी लढायला घरात शिपाईच नाहीत. अशा वेळी गोठा झाडणं, शेणाने सारवणं, कोंदट खोलीतलं बुरशी धरलेलं धान्य पाखडणं, ह्यातून छातीत जंतू जाऊ शकतात. मायलोमात हाडं ठिसूळ होतात. त्या बाईने वाकून पाण्याचा हंडा उचलला तर मणका दबायला वेळ लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरकाम सगळ्यांसाठी असतं. व्यायाम तिच्यासाठी असतो. दिवसातला तो अर्धा तास तिचा आहे, हे घराने मान्य करणं हाच मला उपचारातला निम्मा भाग वाटतो.

लहान पोरांचंही तसंच. मुलांमध्ये कॅन्सर म्हटला की सगळ्यात जास्त आढळतो तो ल्युकेमियाच, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. एवढी वर्षं आई पोराला अंगणात पाय ठेवू देत नाही. तिचं काळीज मला कळतं. प्लेटलेट कमी असताना क्रिकेट आणि झाडावर चढणं बंदच पाहिजे. पण घरातल्या घरात चेंडू झेलणं, गाण्यावर नाचणं, जिना चढणं-उतरणं डॉक्टरांना विचारून करू द्या. पोर चवड्यांवर चालायला लागलं किंवा सारखं अडखळायला लागलं तर त्याला रागावू नका, पुढच्या भेटीत डॉक्टरांना आठवणीने सांगा.

मग करायचं काय? पहिली पायरी म्हणजे विचारणं. डॉक्टरांसमोर आपली दातखीळ बसते, म्हणून चार प्रश्न कागदावर लिहूनच न्या. आमच्या रुग्णाने चालायचं का आणि किती? हाडांना धोका आहे का, वजन उचलायचं की नाही? रक्ताचा रिपोर्ट कितीच्या खाली गेला की व्यायाम थांबवायचा? आणि व्यायाम शिकवायला आपल्याकडे फिजिओथेरपिस्ट आहे का? फिजिओथेरपी फक्त लकव्याला आणि मोडलेल्या हाडालाच लागते अशी आपली समजूत आहे. तिथूनच गाडी अडते.

डॉक्टरांनी होकार दिला की सुरुवात अगदी लहान असू द्या. खाटेवर असेल तर पाऊल वर-खाली करणं, गुडघा वाकवून सरळ करणं, खोल श्वास घेणं. उठता येत असेल तर घट्ट, न हलणाऱ्या खुर्चीवरून उठायचं आणि बसायचं. पाच वेळा जमलं तरी पुष्कळ. मांड्यांसाठी ह्यासारखा व्यायाम नाही. ओट्याला धरून टाचा उचलणं, भिंतीला हात टेकवून अंग पुढे-मागे नेणं, हेही घरात होतं. चालणं सुरू करायचं ते पाच मिनिटांनी, दिवसातून दोन-तीन वेळा. जगातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांसाठी जो सल्ला दिला त्यात आठवड्यातून तीन दिवस अर्धा-अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. पण ते पोचायचं ठिकाण आहे, निघायचं नव्हे. वेग कसा ओळखायचा? चालताना सोबतच्या बाईशी बोलता यावं, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता आली तर थोडं भरभर चाला, बोलताही येईना तर थांबा.

पायात चप्पल-बूट पाहिजेच, अनवाणी नको. गर्दीत, धुळीत नको. सकाळी घराच्या गच्चीवर, ओसरीत किंवा मोकळ्या रस्त्यावर. आपला बुलढाणा डोंगरावर वसलेला, चढ-उतारांचा. सुरुवातीला सपाट रस्ता शोधा. उन्हाळ्यात मलकापूर-नांदुऱ्याकडचं ऊन तर विचारूच नका, तिथे सूर्य वर यायच्या आधीच चालणं उरका.

आणि थांबायचं केव्हा, ते भिंतीवर लिहून ठेवा. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही. ताप म्हणजे केमोच्या रुग्णाला तातडीने दवाखाना, घरी क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही. नाकातून-हिरड्यांतून रक्त, अंगावर नवे लाल-निळे डाग, छातीत दुखणं, चक्कर, बसल्या जागी दम, एखाद्या हाडात नव्याने उठलेली कळ, ह्यांपैकी काहीही असेल तर थांबा आणि डॉक्टरांना कळवा. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली असल्या की जोर लावायचे व्यायाम बहुतेक ठिकाणी बंद ठेवतात. प्रत्येक दवाखान्याचा आकडा थोडा वेगळा असतो, म्हणून आपल्या डॉक्टरांचाच आकडा धरायचा. मायलोमाच्या रुग्णाने तर हाडांची तपासणी झाल्याशिवाय वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं काहीच करू नये. मग त्यात टीव्हीवर बघून केलेली योगासनंसुद्धा आली!

एक साधी वही ठेवा. तारीख, किती मिनिटं चाललं, खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आलं. फिजिओथेरपिस्टही ताकद अशाच प्रकारे मोजतात. आमच्या ओळखीच्या एका वहिनींच्या वहीत पहिल्या पानावर चार हा आकडा आहे आणि तीन महिन्यांनंतरच्या पानावर नऊ. रिपोर्टमधलं त्यांना फारसं कळत नाही, पण चाराचे नऊ झाले हे कळतं. त्या वहीकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड येतो, तो मला कुठल्याही गोळीत दिसला नाही.

आता अडचणी. त्या मला माहीत नाहीत असं नाही. पहिली अडचण लोकांची. केस गेलेली बाई डोक्याला रुमाल बांधून सकाळी रस्त्याने चालायला लागली की खिडक्या उघडतात. ‘एवढी बिमार आन फिराले चालली!’ ह्या एका वाक्याने कितीतरी जणी पुन्हा दाराआड गेल्या. म्हणून माझं शेजारणींना सांगणं आहे, भेटायला जाल तेव्हा शहाळं न्या, पण निघताना ‘आराम करा’ म्हणू नका. चप्पल घालायला सांगा आणि तिच्यासोबत कोपऱ्यापर्यंत चाला. दोघी-तिघी सोबत असल्या की खिडक्या आपोआप बंद होतात.

दुसरी अडचण पोटाची. ज्या घरात रोजमजुरी बुडाली, त्या घरात व्यायाम हा शब्द थट्टेसारखा वाटतो. खरं आहे. पोटात अन्न नसताना व्यायाम करू नयेच. म्हणून बचत गटाने मदत करायची तर नुस्ती पैशाची न करता डाळ, शेंगदाणे, अंडी, दूध अशी करावी. स्नायू हवेतून बनत नाहीत. अंडं चांगलं उकडलेलं आणि दूध तापवलेलं असावं, एवढं मात्र बघा.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी, आणि ती आपल्या हातातली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या रुग्णाला रक्ताच्या कॅन्सरसाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर नाहीतर मुंबई गाठावी लागते. मलकापूर किंवा शेगाव स्टेशनवरून रात्रीची गाडी धरायची, मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत नाहीतर कुठे ओळखीत जागा शोधायची. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडातले. त्यांच्या नावाच्या त्या धर्मशाळेने आपल्या किती माणसांना छप्पर दिलं असेल! मोठ्या रुग्णालयांत फिजिओथेरपीचे विभाग आहेत, तिथे शिकवलंही जातं. पण दर आठवड्याला व्यायाम बघून घ्यायला मेहकर-लोणारचा माणूस परळला जाणार आहे का? तो डिस्चार्ज कार्ड घेऊन गावी येतो. कार्डावर गोळ्या लिहिलेल्या असतात, पुढची तारीख लिहिलेली असते. उठायचं कसं, चालायचं किती, हे बऱ्याच कार्डांवर मला दिसलेलं नाही. आणि लिहिलेलं असलं तरी गावात ते शिकवणार कोण?

म्हणून आता जे होऊ घातलं आहे, त्याकडे आपण बायांनी लक्ष ठेवलं पाहिजे. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं काढण्याची घोषणा झाली. म्हणजे केमोचं सलाइन घ्यायला दरवेळी रात्रीची गाडी धरावी लागू नये, असा हेतू. फार चांगली गोष्ट आहे. पण त्या केंद्रात खुर्च्या, सलाइनचे स्टँड आणि एसी एवढंच येणार की फिजिओथेरपिस्टही येणार? वयस्कर माणसांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातली फिजिओथेरपी आधीच धरलेली आहे. तिथल्याच माणसाला कॅन्सरच्या रुग्णांचं जास्तीचं प्रशिक्षण द्या, आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या. मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करावं. आशाताईंना थांबायच्या खुणांचा एक छापील मराठी कागद द्यावा. ह्याला कोट्यवधीची मशिनरी लागत नाही. एक घट्ट खुर्ची, एक मोकळी खोली आणि एक शिकलेलं माणूस लागतं.

हे मागायचं कोणी? रुग्णाला बळ नसतं आणि त्याच्या घरच्यांना सवड नसते. राहिलो आपण. ग्रामसभेत, रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत, लोकप्रतिनिधी मत मागायला दारात येतील तेव्हा, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यात आहे, जिजाऊंच्या लेकींना मागायला कसली लाज? येत्या महिन्यात आपापल्या महिला मंडळाने एक अर्ज लिहावा आणि तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात समक्ष जाऊन द्यावा. पोच घ्यायला विसरू नका. एका गावचा अर्ज फायलीत जाईल. तेरा तालुक्यांतून तेरा अर्ज आले, तर ती फाईल कोणालातरी उघडावीच लागेल.